नागपूर विभाग खालून पहिला: शाळेच्या बाबूचं म्हणणं

दहावीचा निकाल लागला की माझ्या साडभाऊचा मेसेज ठरलेला. तो मूळचा भंडारा जिल्ह्यातला, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात लागला आणि तिकडचाच होऊन बसला. १३ मे २०२५ ला दुपारी जेवायला बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला. "कोकण ९८.८२. नागपूर ९०.७८. बोला दादा!" आणि पुढे तीन हसरे चेहरे.

मी लिहिलं, "अभिनंदन. बदलीच्या अर्जाचं काय झालं?" मग तो गप्प बसला. आंतरजिल्हा बदली मागून मागून त्याचे केस पिकले.

थट्टा सोडा, पण राज्य बोर्डाच्या नऊ विभागांत नागपूर २०२३ ला तळाला, २०२४ ला तळाला आणि २०२५ लाही तळालाच. कोकण विभाग २०१२ पासून दरवर्षी पहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर तीन मतं ऐकायला मिळतात, दरवर्षी तीच. एक, पोट्टे मोबाईलमध्ये घुसून राहतात. दोन, मास्तर लोक शिकवत नाहीत, प्लॉटिंग करतात. तीन, विदर्भावर अन्याय. तिन्हीत थोडं थोडं तथ्य असेलही, पण मोबाईल काय चिपळूणच्या पोरांकडे नाहीत?

मी शिक्षक नाही. पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत लिपिक आहे. पालक 'बाबूजी' म्हणतात, मुलं मागून काय म्हणतात ते सोडून द्या. शिकवणं चांगलं की वाईट यावर मला कुणी विचारत नाही. माझ्या हातात दाखल-खारीज रजिस्टर असतं, टीसीचं बुक असतं, बोर्डाचे फॉर्म असतात. म्हणून निकालाचा आकडा पाहिला की बाकीच्यांची नजर वर जाते, पास किती झाले तिकडे. माझी खाली जाते. किती जणांपैकी? तो खालचा आकडा दरवर्षी माझ्या हातून भरला जातो आणि तो कसा बनतो हे मला ठाऊक आहे.

आधी साक्षरतेचं बोलू, कारण शिकले-सवरलेले लोक पहिलं कारण तेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्हा ८८.३९ टक्के साक्षर. सिंधुदुर्ग ८५.५६. रत्नागिरी ८२.१८. म्हणजे साक्षरतेत आपण दोघांच्याही पुढे. विद्यापीठ आपल्याकडे १९२३ पासून, हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. मेट्रो आहे, एम्स आहे, आयआयएम आहे. नागपूर शहराकडे बघून ९०.७८ चा उलगडा होतच नाही.

पण बोर्डाचा नागपूर विभाग म्हणजे सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठ नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे त्यात येतात. नरखेडच्या संत्र्याच्या बागांपासून सिरोंच्याच्या गोदावरीकाठापर्यंत. सिरोंचा नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा तेलंगण जवळ. दहावीला बसणारी मुलं दीड लाखाच्या आसपास. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, मुलं पंचवीस-तीस हजार. आपल्या विभागातही गोंदिया जिल्हा निकालात अनेकदा नागपूर जिल्ह्याला मागे टाकतो. धानपट्टीतला जिल्हा, ना मेट्रो ना एम्स. पण मनोहरभाई पटेलांनी १९५८ ला गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि त्या भागात गावोगावी हायस्कुलं उभी राहिली. शाळा लवकर येणं म्हणजे काय ते कोल्हापूरकडे पाहूनही कळतं. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, वसतिगृहं तर त्याच्याही आधीपासून. १९१९ ला कर्मवीरांची रयत. २०२४ च्या निकालात कोल्हापूर विभाग ९७.४५ टक्क्यांवर, राज्यात दुसरा. पणजोबा शिकलेल्या घरातलं पोरगं आणि घरात पहिल्यांदा दहावीला बसलेलं पोरगं, दोघांना पेपर एकच येतो.

आता त्या खालच्या आकड्याकडे.

बोर्डाच्या तक्त्यात तीन रकाने असतात: नोंदणी, प्रविष्ट, उत्तीर्ण. टक्केवारी काढतात ती प्रविष्टांवर. २०२५ ला राज्यात नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी १५,५८,०२०, परीक्षेला बसले १५,४६,५७९, पास झाले १४,५५,४३३. निकाल ९४.१०. नोंदणी करून, फी भरून, हॉल तिकीट निघूनही साडेअकरा हजारांच्या जवळपास मुलं परीक्षेला आलीच नाहीत. ती नापास नाहीत, ती हिशोबातच नाहीत. आणि हे तर नोंदणीपर्यंत पोचलेल्यांचं झालं.

नोंदणीच्या आधी नववी येते. आठवीपर्यंत मुलाला अडवायचं नाही, असा कायदा बरीच वर्षं होता. मग ज्याला वाचता येत नाही तोही सरकत सरकत नववीत येतो, आणि तिथे शाळेला पहिल्यांदा कळतं की पुढच्या वर्षी हा आपला निकाल पाडणार. अशा वेळी शाळा काय करतात? चांगल्या शाळा जादा तास घेतात. काही शाळा पालकांना बोलावतात. "काका, याचं इथे जमणार नाही. नापास झाला तर वर्ष वाया. त्यापेक्षा टीसी घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून देऊन टाकेल परीक्षा." बाप दिवसभराची मजुरी बुडवून आलेला असतो, मान हलवतो. सतरा नंबरवाला मुलगा खासगी विद्यार्थी होतो आणि खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा मोजतात. शाळेच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के'चा फ्लेक्स लागतो, त्यावर संस्थाध्यक्षांचा फोटो मुलांच्या फोटोपेक्षा मोठा.

टीसीवर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. आमच्या रजिस्टरची मागची पानं उलटली तर त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य आहे: 'पालकांच्या विनंतीवरून'. माझ्याच अक्षरात. बाप वीटभट्टीवर कळमेश्वरकडे गेला, पालकांच्या विनंतीवरून. आई वारली आणि मुलीला धाकट्या भावांचं बघायचं आहे, पालकांच्या विनंतीवरून. नववीत तीन विषय गेले, पालकांच्या विनंतीवरून. एक बाई मुलीची टीसी घ्यायला आल्या होत्या. मी विचारलं, "काऊन काढता हो शाळेतून?" त्या म्हणाल्या, "बाबूजी, पोट्टी मोठी झाली. शाळेच्या रस्त्यावर पोट्टे उभे राहतात. तिचे बाबा म्हणतात आता घरीच बस." मी काय लिहिलं असेल ते सांगायला नको. फॉर्मला दुसरं कारण चालतही नाही.

तेव्हा दोन विभागांची टक्केवारी शेजारी शेजारी मांडायची असेल, तर दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती तेही शेजारी मांडा. तसं कुणी मांडत नाही. माझं या सगळ्या पोस्टमध्ये मुख्य म्हणणं हे आहे, बाकी पुढचं त्याच्या आधाराला.

एक वर्ष मात्र असं आलं की झाकलेलं सगळं उघडं पडलं. २०१९. त्या वर्षी पुस्तकं नवी होती, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण बोर्डाने काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ होता, तो एकदम ७७.१० वर आला. ओरड झाली, तोंडीचे गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३०. (२०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले, तेही धरा.) मुलं तीच, मास्तर तेच, गावं तीच.

तो निकाल विभागवार बघा. कोकण ९६ वरून ८८.३८ वर आलं, म्हणजे साडेसात-पावणेआठ टक्क्यांनी घसरलं. नागपूर ८५.९७ वरून ६७.२७ वर. जवळपास एकोणीस टक्के! एकाच निर्णयाने एका ठिकाणी ओरखडा आणि दुसऱ्या ठिकाणी हाड मोडलं.

हिशोब सोपा आहे. पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात. तोंडीचे वीसपैकी अठरा मिळाले, आणि ते बहुतेक शाळांत मिळतातच, की लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सतरा पुरतात. सतरा गुण म्हणजे उताऱ्यावरचे प्रश्न, जोड्या लावा आणि एखादं पत्र. तोंडी काढून घेतली की शंभराच्या पेपरात पस्तीस स्वतःच्या हाताने लिहून मिळवायचे. म्हणजे चार ओळी सलग लिहिता आल्या पाहिजेत. तेव्हा विभागाविभागातला फरक विज्ञान-गणितातल्या हुशारीचा फार नाही. आपल्याकडे मोठ्या संख्येने मुलं अशी आहेत ज्यांना दहावीला येऊनही मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सलग लिहिता येत नाही, आणि एरवी तोंडीचे गुण त्यांना पदराआड घेतात. २०१९ ला त्यांची संख्या पहिल्यांदा छापून आली.

का लिहिता येत नाही, याचं एक उत्तर मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाहिलं. आमच्या संस्थेची एक शाळा गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा-कोरची पट्ट्यात होती, माझी पहिली नेमणूक तिथली. वडसा स्टेशनला उतरायचं आणि पुढे एसटी. तिथल्या मुलांच्या घरी गोंडी, आठवडी बाजारात छत्तीसगढी, शाळेत मराठी. वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं माहेर. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं, आणि ही मुलं सकाळी अख्खे संवाद हावभावांसकट म्हणून दाखवायची. पाठांतराला कमी नव्हती. पण पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांच्या नाटकातल्या मराठीसारखी नव्हती. शहरातल्या मराठी मुलाला दोन परक्या भाषा शिकाव्या लागतात, हिंदी आणि इंग्रजी. त्यांना तीन, आणि त्यातल्या एकीत बाकी सगळे विषय.

मग हंगाम. पावसाळ्यात धानाची रोवणी लागली की वर्गात बाकं दिसायची. मोठ्या मुली चिखलात, मोठी मुलं बांधावर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला. हजेरीपट पाहिला की पाऊस कुठल्या आठवड्यात झाला ते सांगता यायचं. आणि मार्चमध्ये मोहफुलं. मोहफूल रात्रीतून गळतं आणि भल्या सकाळी वेचावं लागतं, नाहीतर गुरं खातात. वर्षाचं रोख पैशाचं उत्पन्न ते. तेव्हा दहावीचा पेपर मार्चभर चालायचा. एक मुलगा पेपरला यायचा तेव्हा बोटं चिकट असायची आणि अंगाला मोहाचा वास. पहाटे तीनला टोपली घेऊन निघायचा, नऊपर्यंत वेचायचा, धुऊन-पुसून सायकलीने केंद्रावर, अकराला पेपर. आमच्या हेडमास्तरांना ते कळलं तेव्हा त्यांनी परीक्षेपुरतं त्याला शाळेतच झोपायला लावलं, आणि आणखी काहींनाही. शिपाई भात-वरण टाकायचा. त्या मुलाची आई तिसऱ्या दिवशी शाळेत आली, भांडायला. मोह कोण वेचणार? हेडमास्तर तिच्याशी गोंडीत बोलायला लागले, मोडकंतोडकं, पण बोलले. ती गेली. मुलगा पास झाला, चाळीसच्या घरात टक्के. बोर्डाच्या तक्त्यात तो ९८ टक्केवाल्याइतकाच, एक.

त्या शाळेत इंग्रजीला शिक्षक नव्हता, पीटीचे सर इंग्रजी घ्यायचे. जागा भरायची म्हटली तर येतो कोण? माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर लागणाऱ्या नव्या शिक्षकाला, २०२३ पर्यंत महिना ८,००० रुपये मानधन होतं, आता १८,००० झालं. आठ हजारात नागपूरचा मुलगा कोरचीला जाऊन राहील आणि इंग्रजीत जीव ओतेल असं कुणी धरून चालत असेल तर त्याला नमस्कार. आलाच तर पहिल्या दिवसापासून बदलीच्या मागे.

पण बदलीच्या मागे तर माझा साडभाऊही आहे! तिथली गंमत वेगळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषद शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांचे मास्तर भरपूर. आपल्या भागातले, मराठवाड्यातले, घाटावरचे. बदल्या निघाल्या की तिकडे शाळा रिकाम्या पडतात म्हणून बोंब होते. मी साडभाऊला म्हणतो, तुमच्या ९८ टक्क्यांत आमच्या भंडाऱ्याची भेसळ आहे.

मागे त्याच्याकडे गेलो तेव्हा शेजारच्या गावातलं हायस्कूल पाहिलं. दहावीच्या वर्गात मुलं इतकी कमी की हजेरी घ्यायची गरजच नाही, नजर फिरवली की कोण नाही ते कळतं. एक मुलगी दोन दिवस आली नाही तर सर घरी, आणि सरांच्या आधी गावातली कुणी काकू. शाळेची इमारत गावाच्या मुंबईकर मंडळाने बांधून दिलेली, संगणकही त्यांचेच, गणपतीला आले की हिशोब विचारतात. शाळा सगळ्या गावाची आहे, हे तिथे भाषणात नाही, वर्गणीच्या पावतीवर दिसतं. त्याची दुसरी बाजू साडभाऊच सांगतो: माणसं मुंबईला गेली म्हणून वर्ग लहान झाले, आणि वर्ग आणखी लहान झाले की शाळाच बंद. त्याच्या स्वतःच्या शाळेचा पट दहाच्या आत आलाय.

तिकडे मला आणखी एक दिसलं. त्या दहावीच्या वर्गात डॉक्टरचा मुलगा होता, बँकेतल्या साहेबांची मुलगी होती, आणि मच्छी विकणाऱ्या बाईचा मुलगाही. दुसरी शाळा जवळ नाहीच. नागपुरात हे घडत नाही. इथे ज्याची ऐपत तो सीबीएसईत. वर्धा रोड, हिंगणा रोड, बेसा, जिकडे बघाल तिकडे पिवळ्या बस. आमच्या शाळेत उरतात ती हमालाची, ऑटोवाल्याची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलं. नागपूर शहरातली 'हुशार' मुलं हुशार नाहीत असं नाही, ती राज्य बोर्डाच्या तक्त्यात नाहीत. माझी मुलगीही सीबीएसईतच शिकली, आणि पुन्हा वेळ आली तरी तिथेच घालीन. इतरांना मराठी शाळा वाचवा म्हणून सांगणाऱ्यांतला मी नाही. पण पहिल्या फळीतली मुलं बाजूला काढून उरलेल्यांची तुलना अख्ख्या गावाशी करायची आणि मग "नागपूर तळाला" म्हणून मथळा द्यायचा, हे काही बरोबर नाही.

लातूरचं उदाहरण घ्या, डोकं आणखी चक्रावेल. २०२५ ला राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. नागपूरची ३, कोकणची ९. आणि त्याच लातूर विभागाचा एकूण निकाल? ९२.७७. खालून दुसरा, त्याच्या खाली फक्त आपण. म्हणजे ज्या विभागात राज्यातली निम्म्याहून जास्त शंभर टक्केवाली आहेत तिथेच नापासांचं प्रमाणही जास्त. (शंभर टक्के म्हणजे पेपरात एकही चूक नाही असं समजू नका. सहापैकी उत्तम पाच विषय धरतात, वर खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे गुण मिळतात.) लातूर पॅटर्नचं नाव देशभर झालं ते सराव परीक्षांच्या रट्ट्यामुळे, आणि ते सोपं काम नाही. पण ते वरच्या थराचं काम. आता सांगा, शिक्षणात पुढे कोण? ज्याच्याकडे कळस उंच आहे तो, की ज्याचा पाया कोरडा आहे तो? मला विचाराल तर कोकणचा निकाल मला जास्त मोठा वाटतो, पण क्लासवाल्यांच्या होर्डिंगवर लातूर चांगलं दिसतं.

कॉपीबद्दल न बोलता ही पोस्ट संपवली तर कमेंटमध्ये तुम्ही सोडणार नाही. २०२५ ला कॉपीमुक्त अभियान कडक झालं, आधी गैरप्रकार झालेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांचे पर्यवेक्षक आले. आपला विभाग २०२४ च्या ९४.७३ वरून ९०.७८ वर, जवळपास चार टक्के खाली. राज्य पावणेदोन टक्के खाली. कोकण ९९.०१ वरून ९८.८२, म्हणजे जागच्या जागी. यावरून आपली मुलं लबाड आणि तिकडची सत्यवादी असा अर्थ काढणारे काढोत. मी परीक्षेच्या दिवसांत केंद्रावर बसतो. चिठ्ठी सापडलेल्या मुलाला ती चिठ्ठी नीट उतरवूनही घेता येत नाही, हे मी पाहिलंय. ज्याला उत्तर लिहिता येतं त्याला पुस्तक दिलं तरी तो उघडत नाही. दहा वर्षं कुणी लिहायला शिकवलं नाही आणि अकराव्या वर्षी भरारी पथक पाठवलं.

उन्हाचंही तसंच, पुण्यात बसून कळत नाही. २०२५ ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने लावल्या, ८ ते २५ एप्रिल. नागपूर-चंद्रपूरला त्या दिवसांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे. आमच्या वर्गांना टिनाचं छत, पंखा गरम हवा फेकतो. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, बाकी राज्यात १६ जूनला उघडल्या तेव्हा आमच्या २३ ला. म्हणून सुरुवातीचा आठवडा जातो, आणि शेवटचे दोन आठवडे असून नसल्यासारखे.

पैशाचं, अनुशेषाचं मी लांबवणार नाही. १९८४ ला दांडेकर समितीने रस्ते, सिंचन यांबरोबर सामान्य शिक्षण आणि तंत्रशिक्षणाचाही अनुशेष मोजला होता, ३,१८६ कोटींच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून थोडा जास्त. खोल्या नंतर झाल्या. आमच्या शाळेतही दोन नव्या खोल्या झाल्या, त्यातल्या एकीत निवडणुकीचं सामान आहे.

शहरातल्या शहरातही विभाग आहेतच. आमच्या शाळेपलीकडे पारडी-भांडेवाडीकडे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, मुलगा अभ्यासाला बसणार कुठे? याचं सगळ्यात साधं उत्तर उत्तर नागपूरने शोधलंय. तिथल्या कित्येक बुद्धविहारांत अभ्यासिका आहेत. सतरंजी, टेबलं, ट्यूबलाइट, माठातलं पाणी, आणि कोपऱ्यात एक दादा जो स्वतः स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय आणि गणित अडलं तर सांगतो. घरी जागा नाही म्हणून कुणी अडत नाही. सरकारची योजना नाही, वस्तीची सवय आहे. गुहागरच्या मुंबईकर मंडळात आणि या अभ्यासिकेत मला एकच गोष्ट दिसते: पोरगं अभ्यासाला आलं की नाही, याची विचारपूस करणारं आई-बाप आणि मास्तर यांच्याखेरीज तिसरं कुणीतरी. जिथे ते आहे तिथे निकाल पडला तरी हाड मोडत नाही.

मी यंदा आमच्या मुख्याध्यापक मॅडमना म्हटलं, निकालाच्या फलकावर एक ओळ जास्तीची लिहू. आठवीत इतके होते, दहावीला इतके बसले, इतके पास. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, संस्थेत दाखवून घ्या आधी." संस्थेतून अजून काही आलेलं नाही. येईल असं मला वाटत नाही, फ्लेक्स मात्र आला.

तोवर माझ्या टेबलाचं काम. तुमच्या वस्तीत नववी-दहावीतून गळालेला कुणी असेल तर सतरा नंबरचा फॉर्म अजून आहेच, तो फक्त शाळांनी निकाल स्वच्छ करायला काढलेला नाही. किमान पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण, एवढं दहावीला पुरतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायचे. एवढ्यासाठी दलालाला पैसे देऊ नका, कुठल्याही शाळेचा बाबू सांगेल, नाही सांगितलं तर माझ्याकडे पाठवा. आणि मुदत संपायच्या आत पाठवा, नंतर विलंब शुल्क लागतं आणि ते माफ करणं माझ्या हातात नाही.